जुन्या फोटोत नसलेला कठडा

घराबाहेरच्या दगडी जिन्याला अकरा पायऱ्या होत्या आणि त्यातल्या कुठल्याही दोन सारख्या नव्हत्या. सर्वांत बुटकी सतरा सेंटिमीटर, सर्वांत उंच तेवीस. वेल्डरचं काम करणाऱ्या लेकीने त्या टेप लावून मोजल्या होत्या. मधोमध झिजून खळगे पडलेले. पर्यटक त्यांवरून कौतुकाने हात फिरवत. तिच्या बाबांना मात्र त्या खळग्यांनी सात महिने घरात डांबलं होतं.

बाबा निवृत्त पोस्टमन. कमरेच्या ऑपरेशननंतर दिवसभर वरच्या खिडकीत. कठड्यासाठी तिने गावाचं जुनं रूप जपणाऱ्या वारसा समितीकडे तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा एकच उत्तर: जुन्या फोटोत कठडा नाही.

आज सकाळी समितीच्या दुकानात तिला नवं पोस्टकार्ड दिसलं. तीच खिडकी, खिडकीत बाबा. खाली अक्षरं: ‘इथे काळ निवांत बसतो.’

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कठडा तयारच होता. दगडाला ओरखडा येऊ नये म्हणून तिने भोकं सांध्यांतल्या चुन्यात पाडली, बोल्ट आवळले, मग स्वतः लोंबकळून पाहिलं. हलला नाही.

ड्रिलचा आवाज ऐकून समितीचे सचिव धापा टाकत आले.

“अगं, काय मांडलंयस हे? गावाचं रूप बघायला लोक लांबून येतात!”

“येतात आणि चारच्या बसने जातात, काका. राहतो आम्ही.”

“जुन्या फोटोत कठडा आहे का?”

“जुन्या फोटोत बाबाही नाहीत. त्यांनाही उखडता?”

“जीभ आवर. सोमवारपर्यंत काढ, नाहीतर आमची माणसं काढतील.”

ती पाना घट्ट धरून एक पायरी खाली आली. सचिव दोन पावलं मागे सरले. तेवढ्यात वरचं दार उघडलं.

एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. बाबा उतरू लागले. तेवीसवाल्या पायरीवर थांबून त्यांनी बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. खाली जमलेल्या पर्यटकांचे कॅमेरे खटाखट वाजले. ते रस्त्यावर आले तेव्हा गळ्यापर्यंत घामाने भिजले होते.

“काय रे,” ते सचिवांना म्हणाले, “तू नव्या वसाहतीत राहतोस ना? लिफ्टवाल्या घरात?”

“हो... पण त्याचा इथे काय संबंध?”

“कठडा गेला तर मी वर कसा चढणार? त्यापेक्षा आत्ताच तुझ्याकडे येतो राहायला.” बाबांनी लेकीचा दंड पकडला आणि काठी सचिवांच्या हातात कोंबली. “धर. चल, निघू.”