मालाची स्प्रिंग

माझ्या लाल गाडीची मागची स्प्रिंग लोह्याच्या अलीकडे मोडली, तेव्हा मी ताशी बारा किलोमीटर वेगाने चाललो होतो. ही स्पोर्ट्स कार आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. नुसतं पाहून आता ते कोणाच्या ध्यानात येत नाही. सीट दोन, छत उघडणारं, आणि आत बसलं की जमीन वीतभर खाली. पंचवीस वर्षांपूर्वी घेतली तेव्हा नांदेडात लोक ती बघायला थांबायचे. हल्ली थांबत नाहीत, ढकलायला लावतील की काय या भीतीने.

ज्या गतिरोधकावर स्प्रिंग मोडली तो सरकारी नव्हता. गावकऱ्यांनी स्वखुशीने, मुरमावर डांबर ओतून केलेला होता आणि उंची ठरवताना समोर ट्रॅक्टर उभा केला असावा. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस. गतिरोधकांबद्दल तोंड उघडण्याचा मला अधिकार नाही.

गाडी दोन महिने अंगणात विटांवर उभी राहिली आणि ही बातमी चाकूरला पोचली. चाकूरला माझे व्याही चन्नबसप्पा राहतात. आमची तनुजा त्यांच्या मुलाला दिली आहे. ती दोघं पुण्यात असतात आणि या प्रकरणात त्यांचा काही दोष नाही. व्याह्यांचं हमरस्त्याला लागून मंगल कार्यालय आहे. त्यांनी फोन केला.

"पाव्हणं, गाडी नुसती हुबीच हाय म्हनं?"

"दुरुस्तीला आहे."

"दोन महिने? बरं, एक इच्चार हाय. कार्यालयाम्होरं सेल्फी पॉइंट करून राहिलो. चौथरा झालाय बांधून. त्याच्यावर तुमची गाडी ठेवू. लई शोभंल. खाली तुमचं नाव बी घालू."

चौथऱ्याखाली आपलं नाव बघण्याची मला एवढ्यात घाई नव्हती. पण मुलीच्या बापाला व्याह्यांना "नाही" म्हणता येत नाही. व्याह्यांनी पडून असलेली वस्तू मागितली की ती द्यायची असते, वर "तुमचीच आहे" असंही म्हणायचं असतं. सुटायला एकच फट असते: वस्तू वापरात आहे म्हणून सांगायचं. मी ती फट धरली.

"चालू गाडी चौथऱ्यावर कशी ठेवायची, पाव्हणं?"

"चालू असंल तर माझं काय म्हननं न्हाई," चन्नबसप्पा म्हणाले. "शिवरात्रीला उद्घाटन हाय. तवर एकडाव आपल्या पायानं इकडं आना आन् आपल्या पायानंच माघारी न्या. मग मी दुसरं कायतरी बघतो. न्हाई जमलं तर क्रेन पाठवितो, खर्चाची काळजी करू नका."

क्रेन हा शब्द त्यांनी अतिशय प्रेमाने उच्चारला.

मी फोन ठेवला तेव्हा माझी बायको गुरम्मा दारात उभी होती. "द्या की," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं गुडघे छातीला लावून बसले मी तिच्यात. अंगण मोकळं झालं तर कुरडया तरी वाळतील."

शिवरात्रीला चोवीस दिवस होते.

गाडी बनवणारी कंपनी माझ्याआधी निवृत्त झाली होती, तेव्हा अस्सल स्प्रिंग मिळण्याचा प्रश्नच नव्हता. बदली स्प्रिंग शोधायची होती. मी संगणकावर बसलो. एका दुकानाने आधी गाडीचं नाव यादीतून निवडायला सांगितलं. यादीत माझी गाडी नव्हती. सगळ्यात जवळचं नाव एका स्कूटरचं होतं. दुसऱ्या दुकानात मात्र नेमक्या माझ्याच गाडीच्या स्प्रिंगा होत्या, पिवळ्याधमक, चित्रात त्यांच्यामागे ज्वाळा काढलेल्या. खाली लिहिलं होतं की या बसवल्या की गाडी दीड इंच खाली येते आणि रस्त्याला चिकटून पळते.

माझी गाडी रस्त्याला चिकटते हाच तर आजार होता. मी त्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"मला गाडी आहे तेवढीच उंच ठेवणारी स्प्रिंग हवी."

"सर, स्पोर्ट्समध्ये सगळ्या लोअरिंगच येतात."

"पण मला खाली करायची नाही."

"मग सर, तुम्ही बदलताय कशाला?"

"मोडली म्हणून."

मोडली म्हणून कोणी स्प्रिंग घेतो, हे त्या मुलीला शिकवलेलं नसावं. शेवटी तिने संवादाबद्दल पाचपैकी किती गुण द्याल ते विचारलं.

मग मी देगलूर नाक्यावर सटवाजी मिस्त्रीकडे गेलो. सटवाजीने या गाडीचं सगळं केलेलं आहे. तिचा वॉटर पंप व्हॅनचा आहे, आरसे रिक्षाचे आहेत आणि हॉर्न कशाचा आहे ते त्याने मला कधीच सांगितलं नाही. तो वाजवला की म्हशी मागे वळून बघतात. त्याने मोडकी स्प्रिंग हातात फिरवली आणि शेजारच्या दुकानात महांतेशकडे नेली. महांतेश मूळचा देगलूरचा. तीन भाषांत सुटे भाग विकतो आणि तिन्हींत त्याला "नाही" हा शब्द येत नाही.

"बसती की, साहेब," त्याने स्प्रिंग न बघताच सांगितलं.

"काय बसते?"

"कायबी बसतंय. गाडी कुटली?"

मी सांगितली. त्याने माळ्यावरून पिकअपची एक स्प्रिंग खाली टाकली. ती पडली तेव्हा दुकानाची फरशी हलली. गोलाई तंतोतंत होती, गाडीत स्प्रिंग टेकते त्या वाटीत बसत होती, पण उंचीला चार बोटं जास्त.

"ही उंच आहे."

"उंच चांगली की. रोड बघा तुमी आपले."

"अरे, ही स्पोर्ट्स कार आहे."

"मग तर वरच पायजे, साहेब. खेळनारा मानूस उड्या मारतो का न्हाई?"

सटवाजीने तोडगा काढला: एक वेटोळं गॅसने कापायचं. कापलं. गाडी अगदी मनासारखी बसली. मी तीनदा पाणी टाकीला चक्कर मारून आलो आणि त्या रात्री मला उत्तम झोप लागली. चौथ्या दिवशी स्प्रिंग मोडली. रस्त्यावर नव्हे, अंगणात, उभ्या गाडीत, मी चहा पीत असताना.

"ताव उतरला तिचा," सटवाजी म्हणाला. "गॅस लागला की पोलाद मऊ पडतंय."

"हे तुला आधी माहीत होतं?"

"हाव."

"मग कापलीस कशाला?"

"तुमी लई नाराज दिसून राहिले होते, साहेब."

आता नऊ दिवस उरले होते. एकीकडे सगळं जग माझी गाडी खाली करायला बसलं होतं, दुसरीकडे सगळा जिल्हा ती वर उचलायला. आहे तशी ठेवणारा माणूस कुठेच सापडत नव्हता. हैदराबादच्या एका गृहस्थांनी हव्या त्या उंचीच्या स्प्रिंगा घडवून देतो म्हणून कळवलं, फक्त पावसाळ्यापर्यंत थांबायचं होतं. त्यांनी पावसाळा कोणत्या वर्षीचा ते लिहिलं नव्हतं.

शेवटी सटवाजीने पिकअपचा नवा जोड न कापता बसवला आणि गाडी विटांवरून उतरवली. मागून ती एवढी वर गेली की पुढचं तोंड जमिनीला लागायला आलं. रस्त्यात कोणाचं नाणं पडलं असावं आणि ती ते शोधत असावी, असं रूप झालं. मी गेटपर्यंत चालवली. उंबऱ्यावर मागची दोन्ही चाकं हवेत गेली आणि काही काळ तिथेच थांबली.

"रिकामी पळवू नका, साहेब," सटवाजी ओरडला. "स्प्रिंग वाटीतनं निसटंल! मालाची स्प्रिंग हाय ती. माल टाका, मग बघा."

"किती माल?"

"दीड क्विंटल टाका की."

आमच्या घरी हिमायतनगरकडच्या शेतातली तूर येऊन पडलेली होती, विकायची. मी पन्नास-पन्नास किलोचे तीन कट्टे डिकीत घातले. पहिल्या कट्ट्याला गाडी बोटभर खाली आली. दुसऱ्याला दोन बोटं. तिसऱ्याला ती अशी बसली की कंपनीतून बाहेर पडताना बसली असेल. डिकीचं झाकण लागत नव्हतं, ते सुतळीने बांधलं. गुरम्मा हे सगळं पायरीवरून बघत होती.

"माल भरून न्यायची होती तर टेम्पोच घ्यायचा होता," ती म्हणाली.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. गुरम्माला सोबत घेतलं, म्हणजे परत येताना साक्षीदार असावा. आणि काय सांगू, गाडी गेली! गतिरोधकांवरून लोण्यासारखी गेली. अहमदपूरला दोन पोरांनी फोटो काढला. मी छत उघडलं. गुरम्माने पदर कानाभोवती गुंडाळला, पण "सावकाश" असं म्हणाली नाही, हे मी नोंदवून ठेवलं.

मंगल कार्यालयाच्या फाटकात चन्नबसप्पा उभे होते. शेजारी चौथरा, पांढरा रंग दिलेला, वर झेंडूची कमान. मी ऐटीत हॉर्न वाजवला. कार्यालयामागची एक म्हैस ओरडली.

"आली की!" व्याही म्हणाले. त्यांचा चेहरा पडला, पण पाहुणचाराने त्यांनी तो लगेच उचलला. मग त्यांची नजर डिकीकडे गेली. "आन् हे काय, पाव्हणं? तीन कट्टे? एवढा वानोळा कुनी आनतंय का!"

शेतातला नवा माल घेऊन मुलीच्या सासरी गेलं की तो वानोळा असतो. दुसरं काही असूच शकत नाही. हे मी नांदेडहून शंभर किलोमीटर विसरलो होतो. मी स्प्रिंगचाच तेवढा विचार करत होतो.

"अहो, ते..." मी म्हणालो.

"लई केलं तुमी!" विहीणबाई शिवगंगाबाई बाहेर आल्या. "तूर हाय का? नवी? बघा, माणसं असावीत तर अशी." दोन गड्यांनी बघता बघता सुतळी सोडली आणि कट्टे आत नेले. प्रत्येक कट्ट्यासरशी गाडी मागून वर, वर, आणखी वर गेली. तिसऱ्याला तर तिने उसासा टाकल्यासारखा आवाज केला.

चन्नबसप्पांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "असं बूड वर करून का हुबी हाय?"

"दमली आहे," मी म्हणालो.

जेवणात पुरणपोळी होती. मला तिची चव लागली नाही. दिलेला वानोळा परत मागणं म्हणजे तनुजाला जन्मभर ऐकावं लागेल असं काहीतरी करणं. रिकामी गाडी हाकली तर फाटकातच स्प्रिंग निसटणार, आणि फाटकापासून चौथरा दहा पावलांवर. क्रेनसुद्धा लागणार नाही. एक आशा होती. व्याह्यांना रिकाम्या हाताने धाडत नाहीत. परतीला इकडून काहीतरी भरतीलच, आणि शेतकरी घर आहे, भारी भरतील.

त्यांनी भरलं. दोन गडी भली थोरली दोन पोती घेऊन आले. मी उभा राहून पाहत होतो. पोती डिकीत ठेवली. गाडी केसभरही हलली नाही.

"चुरमुरे," शिवगंगाबाई म्हणाल्या. "आमच्याच भट्टीचे. लई हलके हायत, फुलावानी."

"फारच हलके आहेत," मी म्हणालो. एवढं खरं मी त्या दिवशी दुसरं बोललो नाही.

चन्नबसप्पा तेवढ्यात गुरम्माला चौथरा दाखवत होते. माझा चेहरा बघून त्यांना पुन्हा धीर आला असावा. "वैनी, बघा आता. गाडी इथं. इंजिन काढून भंगारात, तेवढंच वजन कमी. डावीकडच्या सीटवर फायबरची नवरी बसवायची, गॉगल घालून. नवरदेव इकडं स्टेरिंगवर. लातूरला ऑर्डर बी देऊन राहिलो."

"डावीकडं?" गुरम्मा म्हणाली.

"हाव. नवरी डावीकडंच असती की."

गुरम्मा चौथऱ्याकडे बघत राहिली. मग तिने गाडीच्या डाव्या सीटकडे बघितलं. तिथे तिची चष्म्याची डबी होती, आणि सीटच्या कडेला तिने दहा वर्षांपूर्वी स्वतः घातलेली दोऱ्याची शिवण. पदर खोचून ती कार्यालयाच्या मागच्या अंगाला गेली आणि मी समजलो की आता मला कोणीच वाचवत नाही.

दोन मिनिटांनी तिचा आवाज आला.

"विहीणबाई, ही फरशी उरलेली हाय का हो?"

"हाव, हालमधली. पडून हाय."

"मग सात-आठ द्या की मला. देवघराम्होरं घालते. इतके दिवस म्हनून राहिले यांना, कुठं ऐकतेत."

देवघरापुढे आमच्याकडे संगमरवर आहे.

"आत्ता?" चन्नबसप्पा म्हणाले. "आवो, उद्याच्याला टेम्पोनं पाठवितो. तुमच्या त्या नाजूक गाडीत दगडं कुटं घालता?"

"टेम्पो कशाला?" गुरम्मा म्हणाली. "आमची गाडी हाय की."

चुरमुऱ्याची पोती निघाली आणि फरश्या डिकीत गेल्या. गड्यांना ती मोजून सांगत होती: एक इकडं, एक तिकडं, अजून एक, बास. आठवी फरशी ठेवली आणि गाडी खाली येऊन ठीक जागेवर बसली. चन्नबसप्पा हे बघत होते. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मला सांगता येणार नाही, पण ते बराच वेळ स्प्रिंगच्या बाजूला वाकून उभे होते.

"लई वजन पेलती हो," ते शेवटी म्हणाले.

"पेलते," मी म्हणालो आणि चावी फिरवली.

फाटकातून निघालो. चाकं जमिनीवर होती, चारही. एक पोतं चुरमुरे गुरम्माच्या मांडीवर होतं, दुसरं पायाशी, आणि त्या दोहोंच्या मधून तिचे फक्त डोळे दिसत होते. अहमदपूर मागे पडल्यावर तिने मांडीवरचं पोतं जरा खाली दाबलं.

"ह्या स्प्रिंगीला दुसरं काही मिळतच न्हाई का?" तिने विचारलं. "दर डावाला दगड घेऊन फिरायचं का आपण?"

"उद्या जातो पुन्हा महांतेशकडे."

"मी बी येते," ती पोत्याआडून म्हणाली. "तुमाला कुनीबी कायबी देतंय."