फल्ली आजीचा लाल धागा

साहेब, तुम्ही खोटं बोललात. फल्ली आजीचे मासे तिच्या अडाणीपणानं मेले नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. थकले आहे, त्यामुळे गोड बोलणं आता जमत नाही. आधी एका ट्रकमध्ये झिजले. मग गावोगाव बॅटऱ्या वाटणाऱ्या या साहेबांच्या माणसांनी माझी डागडुजी केली आणि वरून हिरवा रंग फासला. त्या रंगाखाली माझ्या धन-ऋणाच्या खुणा बुजल्या. मग फोटो काढून मला तोनले साप नावाच्या तळ्यावरच्या तरंगत्या गावात फल्ली आजीला देऊन टाकलं. ती घराखालच्या पाण्यात पिंजरा सोडून त्यात मासे पाळते.

माझ्या पोटात दोन तऱ्हेच्या प्लेटा आहेत. ऋण प्लेट राखाडी, मऊ शिशाची. काम करताना ती विजेचे कण देते. धन प्लेट तपकिरी, ठिसूळ. ती ते घेते, आणि आधी तीच झडते. मला भरताना हे देणं-घेणं उलटं चालतं. पण तारांची अदलाबदल झाली, की दोघींची माती.

वुथी होडीतून घरोघरच्या बॅटऱ्या नेतो आणि किनाऱ्यावर भरून आणतो. ओळखायला त्यानं माझ्या धन टोकाला लाल चिंधी बांधली होती. नववर्षाला आजीनं ती तेलकट चिंधी फेकली आणि भिक्षूनं मंतरलेला लाल धागा बांधला. दुसऱ्या टोकाला! आशीर्वादाला कुठलं आलंय धन नि ऋण?

वुथी हसला. "काय आजी, हिचं लग्न काढलंस की काय?"

"दात काय काढतोस मेल्या! पिंजऱ्यातल्या माशांचा श्वास आहे हिच्यात. पाणी उतरलंय, तापलंय. रात्री हवेचा पंप थांबला तर गुदमरतील."

"भरून आणतो की. तू निवांत भात खा."

किनाऱ्यावर त्यानं लाल बघून धनाची तार लावली. दिवसभर उलटी वीज माझ्यात घुसली. संध्याकाळी आजीनं पंप जोडला. तो गुरगुरला आणि बंद पडला. उजाडलं तेव्हा घराखालच्या पिंजऱ्यात आजीचं अख्खं वर्ष पोट वर करून तरंगत होतं.

वुथी डोकं धरून बसला. "आजी, विचारायला हवं होतं गं मी."

"हिच्या टोकाचा धागा तेवढा सोडून दे बाबा," आजी म्हणाली. "त्याचा काय दोष?"

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असं मी सांगायचं असतं. सांगते. पण जिची खूणच पुसली, ती जपायची कशी?

साहेब, तो रंग फासायला कुणी सांगितलं? आजीचा पिंजरा आता कोण भरणार? उत्तर द्या.