दोघींना एकच माप

या घरातल्या दोन भावांपैकी धाकट्याचं लग्न झालं त्या वर्षी मी इथे आलो. नवी सून आणि मी एकाच आठवड्यातले. तिला आणायला घरची चार माणसं गेली होती. मला मात्र तिच्या सासूबाईंनी एकटीने, भाजीच्या पिशवीत घालून आणलं.

मित्रांनो, मी तराजू आहे. लोखंडी दांडी, दोन पितळी पारडी, मधोमध काटा आणि सोबत वजनांची एक लाकडी पेटी, एवढा माझा संसार. ज्या कारागिराने मला घडवलं तो फार चिकाटीचा माणूस होता. माझी दांडी तो कानशीने घासायचा, पारडी अडकवायचा, श्वास रोखून काट्याकडे बघायचा, आणि पुन्हा सगळं काढून घासायला बसायचा. शेवटी काटा जागच्या जागी उभा राहिला तेव्हा तो म्हणाला, "आता हा मेला तरी खोटं बोलणार नाही." माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

पुढे बरीच वर्षं मी एका किराणा दुकानात होतो. दुकानदार पारड्याला बोट न लावता तोलायचा. गिऱ्हाईकं बोलता बोलता म्हणत, "इथे घरी जाऊन पुन्हा मोजायला नको." मग दुकानात विजेवर चालणारा काटा आला आणि मी दाराजवळच्या भंगारात जाऊन पडलो. तिथून सासूबाईंनी मला उचललं.

त्यांना मी कशाला हवा होतो, ते सांगतो. त्यांचं माहेर वाटणीवरून फुटलं होतं. एका सुनेच्या ताटात मोठा तुकडा गेला, दुसरीने तो पाहिला, आणि तिथून जे सुरू झालं ते घराच्या मधोमध भिंत उभी राहिली तेव्हाच थांबलं. आपल्या घरात थोरली सून होतीच, आता धाकटीही येणार म्हटल्यावर सासूबाईंनी ठरवून टाकलं की दोघींना सगळं सारखं द्यायचं आणि दोघींच्या डोळ्यांदेखत द्यायचं. लोणी, साखर, सुकामेवा, विणायची लोकर, सगळं माझ्या दोन पारड्यांत पडायचं. एकदा तर त्यांनी साबणाच्या वड्याही चढवल्या.

थोरली हसत म्हणाली, "आई, आता आम्हालाच बसवा एकेका पारड्यात."

"तुला बसवलं तर दांडी मोडेल गं बाई," सासूबाई म्हणाल्या.

थोरली अंगाने भरलेली होती आणि तिला तसं म्हटलेलं चालायचं. धाकटीने आधी घाबरून दोघींकडे बघितलं. मग तिलाही हसू आवरेना. त्या दिवसापासून त्या दोघी जावा कमी आणि बहिणी जास्त झाल्या. धाकटी तिला ताई म्हणायची, थोरली तिला नुसतं 'अगं' म्हणायची. शेजारी म्हणत, दोन सुना आणि भांडण नाही, हे घर आहे की देऊळ! सासूबाई माझ्याकडे बोट दाखवत. मित्रांनो, तेव्हा माझी पितळी पारडी दर आठवड्याला चिंच लावून लख्ख घासली जात.

सासूबाई गेल्या. त्यांचा नियम मात्र राहिला. आता तो सांगायलाही लागत नसे.

घरातले दोघे भाऊ सोफे बनवायचे. खालच्या मजल्यावर त्यांचं कामाचं दुकान होतं. थोरली तिथेच शिवणाच्या मशीनवर बसून सोफ्यांचे अभ्रे शिवायची, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. धाकटी एका इस्पितळाच्या धुलाईघरात होती. ओल्या चादरींचे गठ्ठे यंत्रातून ओढून काढायचे, गाडीवर लादायचे, गाडी ढकलत वाळवणाच्या खोलीत न्यायची. घरी आली की तिच्या अंगाला वाफेचा वास यायचा आणि भूक अशी लागलेली असायची की चप्पल काढायच्या आधी ती पावाचा तुकडा तोंडात टाकायची.

मग थोरलीचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवा. जवळच्या शाळेच्या सभागृहात संध्याकाळी बायकांचा व्यायामाचा वर्ग भरायचा. थोरलीला एकटीने जायची लाज वाटली.

"एवढ्या बायकांत मी एकटी हातवारे करू? हसतील सगळ्या."

"मी येते की," धाकटी म्हणाली. "माझंही पोट सुटलंय. दोघी हातवारे करू. हसल्या तर अर्ध्या तुम्हाला हसतील, अर्ध्या मला."

अशी सुरुवात झाली. वर्गाच्या बाई हुशार होत्या. एके दिवशी त्यांनी थोरलीला थांबवून तिचं वजन, उंची, वय विचारलं आणि दिवसभर काय काम करता तेही विचारलं. घरी आल्यावर थोरलीने ते सगळं धाकटीला अगदी बाईंच्या आवाजात करून दाखवलं.

"म्हणाल्या, अन्नातून शरीराला जी ताकद मिळते ती कॅलरीत मोजतात. तुम्ही जेवढं शरीर वागवता आणि जेवढं हलता, तेवढी रोज लागते. त्यातून थोडीशीच वजा करायची. एकदम उपाशी राहायचं नाही, नाहीतर अंगातलं चांगलं तेच आधी जातं. माझा आकडा काढला चौदाशे. दर महिन्याला पुन्हा काढणार आहेत, वजन उतरेल तसा तो बदलतो म्हणे."

"आणि माझा?"

"तुला बोलावलंय, वेगळा काढायला. पण वर्गाच्या आधी यावं लागेल, तेव्हा तुझी कामाची पाळी संपलेली नसते. मी सांगून टाकलं, आमच्या घरात दोघींना एकच माप असतं. काळजी करू नका, तिला कमी पडू देणार नाही मी."

मित्रांनो, हे ती अभिमानाने म्हणाली. तिच्या मनात खोट असती तर ही गोष्ट सांगताना मला इतकं जड गेलं नसतं. दुसऱ्या दिवशी तिने मला फळीवरून खाली काढलं, पारडी पुसली आणि भात तोलला. मग पाव तोलला. लोण्याचा एवढासा गोळाही तोलला. एक ताट स्वतःचं, एक धाकटीचं. काटा मधे आला की ती मान डोलवायची आणि धाकटीचं ताट आधी वाढायची.

माझं काम चोख होतं. कोणत्या पारड्यातलं अन्न खुर्चीत बसणाऱ्या बाईच्या पोटात जाणार आहे आणि कोणत्या पारड्यातलं दिवसभर ओल्या चादरी ओढणारीच्या, हे माझ्या काट्याला कसं कळावं? दोघींचं शरीर वेगळं, काम वेगळं. त्यात धाकटी कामावरून परस्पर वर्गाला जाऊन पुन्हा तासभर घाम गाळायची. तिला थोरलीपेक्षा खूप जास्त लागत होतं. वर्गाच्या बाईंनी ते एका भेटीत सांगितलं असतं. ती भेट उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात असं करत राहूनच गेली.

सुरुवातीला सगळं छान चाललं. धाकटीचा चेहरा बारीक झाला, गालाची हाडं वर आली. शेजारणी म्हणाल्या, "काय गं, पुन्हा नवरी दिसायला लागलीस!" थोरलीचं वजनही उतरत होतं, पण हळूहळू. ते तसंच उतरायला हवं होतं. पण रोज शेजारी बसून कोणी आपल्या दुप्पट वेगाने बारीक होत असेल तर माणसाला ते बघवत नाही.

"तू चोरून धावायला जातेस का गं?" ती विचारायची.

"धावते ना. गाडी घेऊन, वाळवणाच्या खोलीपर्यंत."

"मग माझ्यासाठी पण एक गाडी घेऊन ये. मी मशीनवर बसल्या बसल्या ढकलीन."

दोघी हसायच्या. पण धाकटीचं हसू आता अर्ध्यात थांबायचं. तिचे हात गार पडू लागले होते. भांडं घासताना ती मधेच ओट्याला टेकून उभी राहायची. जिना चढून आली की डोळे मिटून भिंतीला हात लावायची आणि कोणी बघितलं की पदर नीट करत असल्यासारखं करायची.

एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात एकटीच होती. थोरलीने तोलून ठेवलेला भात माझ्या दोन पारड्यांत होता. धाकटीने पातेल्यातून एक पळी घेतली आणि आपल्या पारड्यात टाकली. माझी दांडी कलली. कलणार नाही तर काय करणार? तेवढ्यात थोरली आत आली. तिने काट्याकडे पाहिलं.

"राहू दे, घे ना," ती म्हणाली. "मी कुठे काय म्हणतेय? मला आपलं वाटत होतं, दोघी मिळून करतोय."

धाकटीने ती पळी पुन्हा पातेल्यात रिकामी केली. तिला म्हणता आलं असतं, ताई, मला भूक लागते, मला तुमच्यापेक्षा जास्त लागतं. पण या घरात 'जास्त' म्हणणं म्हणजे भिंत बांधायला घेणं, असंच ती पहिल्या दिवसापासून शिकली होती. थोरलीलाही तिचा हात हातात घेऊन बघता आला असता की तो किती गार पडलाय. तिने फक्त काटा पाहिला. तो मधे आला आणि ती ताटं वाढायला वळली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत धाकटी धुलाईघरात चादरींच्या गाडीसकट कोसळली. तिथल्या मुकादम बाई तिला रिक्षात घालून घरी घेऊन आल्या. कपाळाला टाके आणि अंगावर धुलाईघराचाच झगा. दुकानातून दोघे भाऊ धावत वर आले. मुकादम बाई फटकळ होत्या.

"डॉक्टरांनी हिला विचारलं, खातेस काय. हिने सांगितलं, चौदाशे कॅलरी. ते म्हणाले, हा आकडा कोणी काढला? हिच्या कामाला एवढं म्हणजे अर्धपोटी राहणं आहे. अंगात रक्त नाही हिच्या. अहो, आमचं काम म्हणजे काय खुर्चीत बसणं आहे का?"

शेवटचं वाक्य त्या सहज बोलल्या, पण थोरलीचा चेहरा उतरला.

धाकटीचा नवरा थोरलीकडे वळला. "वहिनी, माझ्या बायकोला मापून मापून उपाशी ठेवलंत तुम्ही?"

"मी पण तेवढंच खाल्लं, भावजी! एक शीत जास्त नाही. हवं तर मोजून बघा." असं म्हणून तिने माझ्या दांडीवर हात ठेवला. माझी दोन्ही पारडी वाजायला लागली.

ती खरं बोलत होती, मित्रांनो. तिथेच तर सगळं बिनसलं. आपण खरे आहोत हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, त्याला समोरच्याची माफी मागायला सुचत नाही. आणि धाकटी खाटेवर पडून सगळं ऐकत होती. 'ताईंची चूक नाही, मीच बोलले नाही' एवढं ती म्हणाली असती तरी पुरलं असतं. ती भिंतीकडे तोंड करून राहिली. दोन्ही भावांचे आवाज चढले. जे बोलायला नको ते बोलून झालं.

महिनाभरात धाकट्याने इस्पितळाजवळ दोन खोल्या घेतल्या. सामान निघालं तेव्हा थोरली मशीनवर बसून होती. मशीनच्या सुईत दोरा नव्हता, तरी पाय चालू होते.

धाकटी हळूहळू सावरली. मग ती वर्गाच्या बाईंकडे गेली आणि तिने आपला आकडा आपल्यासाठी काढून घेतला. तो थोरलीच्या आकड्यापेक्षा बराच मोठा निघाला. तेवढं खाऊन, व्यायाम करून ती पुन्हा धडधाकट झाली, पुढे तिला मुलगी झाली, हे शेजारणींच्या तोंडून मला कळलं. थोरली मात्र त्या सभागृहात पुन्हा गेली नाही. वजन पुन्हा चढलं. ऑपरेशन राहून गेलं. जिना उतरता येईना म्हणून मशीन वरच्या खोलीत आलं. दोघींच्या दारांत चालत गेलं तर एक गाणं संपेल एवढंच अंतर होतं, आणि वर्षं मात्र एकामागून एक जात राहिली.

मला माळ्यावर टाकलं. वजनांची पेटी कुठे गेली, कोण जाणे. माझ्या पारड्यांवर हिरवा गंज चढला आहे आणि एका पारड्यात पालीने अंडी घातली होती. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्यासारख्याकडे दुर्लक्ष झालं तर फार तर गंज चढतो.

पण मित्रांनो, तुमचं शरीर पितळेचं नाही. त्याला किती लागतं हे शेजारच्या ताटाकडे बघून ठरवू नका. मैत्रीण किती खाते, भाऊ किती बारीक झाला, यावरून तर मुळीच ठरवू नका. जाणत्या माणसाला विचारा, आणि जो काही आकडा मिळेल तो दुसऱ्या कोणाला वाटून देऊ नका. आणि घरात कोणाला जास्त भूक लागली, तर त्याला ती बोलून दाखवता येईल असं घर ठेवा.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. थोरली अंथरुणाला खिळली आहे हे कळल्यावर धाकटी आली. केस पांढरे झालेले, पण दंड अजून धुलाईघराचेच. माळ्यावरून मला खाट दिसत होती. ती येऊन कडेला बसली.

"जेवलीस का गं?" थोरलीने विचारलं.

"जेवले, ताई. पोटभर."

"पुन्हा जेव. माझ्यासमोर."

धाकटी उठली, पातेल्यातला भात तिने पळीने ताटात वाढून घेतला, आणि खाटेच्या कडेला बसून शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. थोरली बघत होती. "अजून घे," ती म्हणाली, आणि धाकटीने अजून घेतला.

थोरली त्याच महिन्यात वारली. धाकटीच्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षी.