नऊ दिवस पेटीत

मी एक जुना पाना आहे, मित्रांनो. हातपंपाचे नट ढिले करायचे आणि पुन्हा आवळायचे, एवढेच मला येते. पण माझ्यावाचून सायवनजवळच्या एका पाड्याचा घसा कोरडा पडतो, तेव्हा थोडी ऐट मी करणारच.

२०१५ साली एका संस्थेने आणि ग्रामपंचायतीने मिळून शाळेच्या ओट्यावर पंपदुरुस्ती शिकवली. पाड्यातून लहान्या आणि हिराबाई शिकायला आले. हिराबाईचा हात माझ्यावर असा बसला की शिकवणारेही बघत राहिले. शेवटच्या दिवशी मात्र मला इतर अवजारांबरोबर लोखंडी पेटीत घातले, कुलूप लावले आणि किल्ली लहान्याला दिली. जबाबदार माणूस एकच असावा, असे सर्वांचे मत पडले. दिवाळी झाली की लहान्या बायकोपोरांना घेऊन वीटभट्टीवर जातो आणि पाऊस तोंडावर आल्यावरच परततो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पण कोणी बोलले नाही. पेटी म्हाताऱ्या बुधीबाईच्या घरी ठेवली. दर दसऱ्याला ती पेटीला झेंडूची माळ घालायची आणि मी आत फुगून जायचो.

२०१८ च्या होळीनंतर पंपाचा नट ढिला होऊन दांड्याला आतल्या सळईशी जोडणारी चेन निसटली. दांडा खालीवर व्हायचा, पाणी येईना. तासाभराचे काम होते ते! हिराबाई धावत आली.

"मावशी, कुलूप तोडू या. मना येतं ना काम."

"नको बाय. सरकारी पेटी हाय. लहान्या येल तवा बघू," बुधीबाई म्हणाली.

लहान्या किल्लीसकट वीटभट्टीवर होता आणि त्याचा फोन लागेना. बायका ओहोळात खड्डा खणून झिरपलेले गढूळ पाणी भरू लागल्या. सहाव्या दिवशी बुधीबाईची चार वर्षांची नात दक्षा जुलाबाने आडवी झाली. तिचे कण्हणे मला पेटीत ऐकू येत होते. मित्रांनो, त्या दिवसांची मला आजही लाज वाटते.

आठव्या दिवशी तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. नवव्या दिवशी बुधीबाई रिकाम्या हातांनी परतली. दक्षा पहाटेच गेली होती. बुधीबाईने वरवंटा उचलला, कुलुपावर घातला आणि मला हिराबाईच्या हातात दिले. तासाभरात पंपाला पाणी आले.

संस्थेची माणसे पुन्हा आली. या वेळी सात बायका शिकल्या. पंचायतीने जास्तीची चेन आणि वॉशर देऊन ठेवले. पेटीला आता कुलूप नाही. लोक माझे कौतुक करतात, पण मला ते गोड लागत नाही.

तुमच्या गावचा पंप कोणाकोणाला उघडता येतो, ते आजच विचारा. एकच नाव कानी आले, तर तो माणूस वर्षभर गावात असतो का, हेही विचारा. गप्प बसू नका.

शिकलेल्या सात जणींत बुधीबाईही आहे. दर आठवड्याला ती मला घेऊन पंपावर येते आणि घट्ट असलेलाच नट पुन्हा आवळते. पुरे झाले, असे तिला सांगावेसे वाटते. पण ती थांबत नाही. मग मीही तिच्याबरोबर जोर लावतो.