थर्माकोल खाणारं भूत

शहाण्णव साली जपानमधल्या नागोयातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एका रविवारी सकाळी जत्रा भरली होती. सगळे मराठी, सगळे गाड्यांच्या कारखान्यांतले इंजिनिअर, आणि सगळे हात जोडून उभे. मधोमध माझा भाचा रविकांत याची जुनी गाडी, बॉनेट उघडं.

गाडीतलं भूत उतरवायला बोलावलेल्या गुरुनाथमहाराजांनी गणपतीच्या मखरातून उरलेल्या थर्माकोलची बाहुली कापून इंजिनाशी ठेवली.

"जुना मालक याच गाडीत गेला. भुकेला आहे बिचारा. चावी फिरवा, रविकांतजी. इंजिन सुरू नको. बंद करा. परत फिरवा."

महाराज पुटपुटत राहिले. बाहुलीचं डोकं खचलं, पोट विरघळलं, मागे चिकट गोळा तेवढा उरला.

"खाल्लं," महाराज म्हणाले. इंजिनिअर शहारले.

मागच्या सीटवर रविकांतची पाच वर्षांची मुलगी अनया जप करत बसली होती. रोज गाडी चालू ठेवून, काचा लावून बसायचं, गॅरेजला न्यायचं नाही, अशी महाराजांची आज्ञा होती. पोरीला आठवडाभर उलट्या होत होत्या. भूत बाहेर पडतंय, हे महाराजांचं निदान.

मी पुण्यात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर रविकांतकडे राहायला आले होते. मूर्खपणा मला सोसत नाही, मग तो भाच्याचा का असेना.

"रविकांत, गाडीत पेट्रोलचा वास येतो ना रे?"

"येतो, आत्या. पण मी चेक केलंय. सगळं कोरडं आहे."

"गाडी चालू असताना बघितलंस?"

"नाही, बंद करून. थंड झाल्यावर."

मी पूजेचं ताट पाहिलं. हळदकुंकू, फुलं, नारळ. उदबत्ती नाही, कापूर नाही, निरांजनही नाही.

"महाराज, दिव्याशिवाय कसली पूजा?"

"आत्म्याला अग्नी सोसत नाही, माई."

मी दार उघडलं, अनयाला उचललं आणि तिच्या आईच्या, नयनाच्या कडेवर दिलं. मग पर्समधून काडेपेटी काढली.

"आता तुम्ही बसा आत. मी इंजिनापाशी निरांजन लावते."

महाराज दोन गाड्या ओलांडून मागे पळाले. "बाई, वेड लागलंय का? तिथे पेट्रोल उडतंय."

काडेपेटी रिकामी होती. ते त्यांना ठाऊक नव्हतं.

नयना शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आणि माझी मुलगी आत होती." तिने सगळ्यांदेखत त्यांच्या थोबाडीत मारली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गोष्ट साधी होती. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत चावी फिरवली की टाकीतला पंप नळीत दाब भरतो. इंजिनाजवळची जुनी रबरी नळी तडकली होती. दाब आला की त्या चिरेतून बारीक फवारा उडायचा. गाडी बंद केली की दाब ओसरायचा, पेट्रोल वाळून जायचं आणि माझा हुशार भाचा कोरड्या नळ्या तपासायचा. वाफ गाडीच्या हवेच्या झरोक्यांतून आत अनयापर्यंत जायची. थर्माकोल तर पेट्रोलमध्ये विरघळतोच. मेकॅनिकने आधी नळीतला दाब उतरवला, बॅटरीची वायर काढली, मग जास्त दाब सोसणारी नवी नळी नव्या क्लॅम्पने आवळली. वास गेला. उलट्याही गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारचे उदयराव हळूच म्हणाले, "पण आत्या, त्या जुन्या मालकाच्या आत्म्याचं काय झालं असेल हो?"

त्यांचं सोडा. तुम्हाला सांगते. गाडीत पेट्रोलचा वास आला तर ती बंद करा, खाली उतरा आणि दुरुस्त करून घ्या. मूल ओकत असेल तर डॉक्टरकडे न्या. आणि एवढं शिकूनही कुणाच्या सांगण्यावरून पोटच्या पोरीला पेट्रोलच्या वाफेत कोंडणार असाल, तर भूत गाडीत शोधू नका.