बाण तळ्याकडे

"मी आता एक पाऊलसुद्धा टाकणार नाही," असं जाहीर करून चार वर्षांच्या धाकट्यानं पायवाटेच्या मधोमध बसकण मारली.

"ऊठ रे राजा. तळं आलंच," पेंटर म्हणाला.

"मघाशीपण आलंच होतं," आठ वर्षांची थोरली म्हणाली आणि तिनं पाण्याची बाटली उलटी करून दाखवली. थेंब नव्हता.

शहराच्या ऐन मध्यावर हे एवढं अफाट मोकळं रान. गवत, झुडपं, कुठेतरी आत तळं. रविवारी अर्धं शहर पोरंबाळं घेऊन इथे लोटतं. पेंटरच्या बायकोची रविवारी इस्पितळात ड्यूटी, म्हणून दोन्ही पोरं त्याच्या गळ्यात. पण आज तो काही नाइलाजानं आला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता!

गेल्या आठवड्यात शाळेत बाईंनी विचारलं, कोणाचे बाबा काय करतात? थोरलीनं सांगून टाकलं, "काही नाही. घरी असतात." आणि संध्याकाळी बूट काढता काढता तिनं हे त्यालाच ऐकवलं, अगदी सहज. त्याला ते फार लागलं. मशीनवर छापलेल्या पाट्या आल्या आणि त्याचं काम गेलं, हे खरं. पण वीस वर्षं या हातानं लोकांना रस्ता दाखवला, त्याचं काहीच नाही? या रानातल्या वीसच्या वीस पाट्या त्यानं हातानं रंगवल्या होत्या. सहा वर्षांपूर्वीचं त्याचं शेवटचं मोठं काम. तळ्याकाठी बसायचं आणि ऐटीत पोरीला विचारायचं, 'वाटेतल्या पाट्या कोणाच्या, ओळख बघू?' असा बेत होता.

बेत कसले सुचतात माणसाला! पहिली पाटी पक्ष्यांनी रंगवून ठेवलेली. दुसरी वेलीनं गिळलेली. धाकट्याला तीनदा शू आली, एकदा बुटात खडा गेला, एकदा नसलेला काटा टोचला. पाट्यांकडे बघायला कोणाला सवड होती? शेवटी वाट दुभंगली तिथे एक पाटी मात्र स्वच्छ होती. 'तळ्याकडे'. पुढे उजवीकडे बाण. बाणामागून निघून आता पाऊण तास होत आला होता.

त्यानं धाकट्याला खांद्यावर टाकलं. वळण घेतलं तर समोर तारेचं कुंपण, आणि पलीकडून भरधाव बस चाललेल्या. वाट संपली होती. कुंपणापाशी एक काठीवाले आजोबा, त्यांची सून आणि दोन रडकी नातवंडं.

"कोणा गाढवानं लावलीय हो ती पाटी?" आजोबा त्याच्यावरच कडाडले. "डोळे होते का मेल्याला?"

"लावणाऱ्यांनीच घोळ घातला असणार," पेंटर तावातावानं म्हणाला. "भलत्याच फाट्यावर नेऊन ठोकली असेल. अशा कामचुकार लोकांना ना..."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. धाकट्याला खांद्यावर घेऊन, थोरलीला अक्षरशः ओढत तो फाट्यावर परतला. मागून काठी टेकत आजोबांची वरातही आली. पेंटर पाटीसमोर उभा राहिला आणि कोपऱ्यातला बारीक आकडा वाचून गार झाला. वीस. यादीत याच फाट्याचा आकडा. पाटी आपल्या जागीच होती.

त्याला सगळं आठवलं. बाणाचा एकच पत्र्याचा साचा होता. एकोणीस पाट्यांवर बाण उजवीकडे, फक्त विसावीवर साचा पालथा करून डावीकडे काढायचा. काम संपल्याच्या आनंदात तो साचा पालथा करायलाच विसरला. सहा वर्षं माणसं लहान लहान पोरं घेऊन त्या कुंपणाशी जाऊन येत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"काय, लावणाऱ्यांचीच चूक ना?" आजोबांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. कोणाला कळणार होतं? पण चूक दुसऱ्याची म्हटलं की पाटीही दुसऱ्याचीच झाली असती, आणि त्याच्याकडे दाखवायला दुसरं होतं काय?

"नाही," तो म्हणाला. "माझी. मी रंगवलीय ही."

सून पदराआड हसली. शरमेनं पेंटरचे कान तापले. थोरली आ वासून बघत होती.

"तुम्ही? ही?"

"सगळ्या वीस. एकोणीस बरोबर आहेत गं."

ती पाटीजवळ गेली. टाचा उंचावून तिनं 'त'च्या गोलाईवरून बोट फिरवलं. धाकटा त्याच्या खांद्यावर झोपून गेला होता आणि कॉलरवर लाळ गळत होती.

"चल," तो पडेल आवाजात म्हणाला. "डावीकडे असणार तळं."

तेवढ्यात वाटेवरून बाबागाडी ढकलत एक जोडपं आलं, पाटी वाचून उजवीकडे वळलं. थोरली धावत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तिकडे नाही, काका! तिकडे कुंपण आहे. तळं या बाजूला," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "ही पाटी माझ्या बाबांनी रंगवलीय. हातानं. फक्त बाण चुकलाय."

काकांनी आधी पाटीकडे, मग पेंटरकडे पाहिलं. पेंटरनं मान डोलावली.

जोडपं डावीकडे गेलं. "आता तरी चल," तो म्हणाला.

"थांबा ना बाबा," खांबाला पाठ टेकत ती म्हणाली. "ते बघा, अजून येतायत."