खूण नसलेलं डोकं

मित्रांनो, मी केस कापायचं एक जुनं मशीन आहे. सलूनमधलं नव्हे, तिथली ऐट मला कुठली! मेंदूच्या ऑपरेशनआधी केस काढण्यासाठी मला इस्पितळात आणलं. कारखान्यातून बाहेर पडताना माझी पाती लखलखत होती, वाटलं होतं की नवरदेवांची डोकी मिळतील. आता पाती बोथट झाली आहेत, वायरला चिकटपट्टी आहे आणि अंगात त्राण उरलेलं नाही.

मला चालवतात ते वॉर्डचे न्हावी. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांचा एक नियम आहे. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी डोक्यावर शाईने खूण केली असेल, तरच ते मला सुरू करतात. खुणेपुरतेच केस काढायचे, एक बटही जास्त नाही.

त्या खुणांच्या निमित्ताने बाई विद्यार्थ्यांना शिकवत आणि मी ऐकत असे. कुणाची गाठ मेंदूवरच्या आवरणातून उगवलेली, वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारी आणि बहुतेक वेळा कॅन्सर नसलेली. कुणाची मेंदूच्याच पेशींतून निघालेली. त्यांतही काही संथ, काही फार घाईच्या, आणि मेंदूत अशा मिसळलेल्या की सगळी गाठ काढणं अवघड. तसं एक डोकं माझ्याकडे दोनदा आलं, पुन्हा आलं नाही. कुणाची फुप्फुसातून नाहीतर स्तनातून मेंदूत जाऊन बसलेली. घरचे मात्र 'ब्रेन ट्यूमर' एवढंच ऐकत आणि सगळ्यांचे चेहरे सारखेच पडत. ते चेहरे बघून बघून मला वीट आला आहे.

एकदा शाळेची व्हॅन चालवणारी एक बाई आली. बरोबर तिची ताई होती. बाईने डोक्याला रुमाल गुंडाळला होता. मामांनी तो सोडला आणि ते बघतच राहिले. केस घरीच कात्रीने कसेतरी कापलेले होते, कुठे बोटभर तर कुठे अगदी मुळापर्यंत.

"हे कुणी केलं गं?" मामांनी विचारलं.

"मीच. शेपटा ताईला दिला, आठवण म्हणून. तुम्ही आता सगळं साफ करा."

मामांनी डोकं वळवून वळवून पाहिलं. खूण कुठेच नव्हती. त्यांनी मला खाली ठेवलं आणि नर्सकरवी डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं.

डॉक्टरीणबाई आल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, तुमची गाठ मेंदूच्या तळाशी आहे, पिट्युटरी ग्रंथीवर. नाकातून काढणार आहोत आपण. केसांना हात लावायचाच नव्हता. आणि ही गाठ बहुधा कॅन्सरची नसते, हे मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं ना?"

"ट्यूमर म्हणालात आणि पुढचं काही कानात शिरलंच नाही हो," ती म्हणाली. "शेजारचे काका त्यानेच गेले. वर्षसुद्धा काढलं नाही."

"म्हणून ही गाठ निघाल्याचं वर्षभर लपवत होती," ताई रडकुंडीला येऊन म्हणाली. "दोन्ही बाजूंचं दिसेना, व्हॅन खांबाला घासायची, आणि आम्ही हसायचो की खांबांशी वैर आहे का तुझं! हिने व्हॅन सोडली, तेव्हा कुठे आम्हाला कळलं."

 गाठ इतके दिवस डोळ्यांच्या नसांवर दाब देत होती. नजर किती परत येईल, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. मामांनी कात्री घेऊन केस जमतील तेवढे सारखे केले. मी नुसतंच पडून होते, आणि त्या दिवशी मला त्याचा आनंद झाला.

ऑपरेशन नीट झालं. पुढे ती तपासणीला आली, तेव्हा केस खांद्यापर्यंत आले होते. मामा वायर गुंडाळून मला खिशात घालून तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. तिला ते दिसलेच नाहीत. मामा वळसा घालून समोर आले.

"मामा!" ती हसली. "व्हॅन आता दुसरं कुणी चालवतं. मी मागे बसते, मुलांना उतरवून घेते."

मित्रांनो, माझ्या पात्यांना तेल घालायला मामा हल्ली विसरतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घरात कुणाला गाठ निघाली, तर नाव ऐकूनच हातपाय गाळू नका. कोणती गाठ, कुठे आहे, तिचं काय करायचं, हे विचारा. आणि उत्तर कानात शिरलं नाही तर पुन्हा विचारा. तिचे केस परत आले. डावीकडचं दिसणं आलं नाही.